मीटिंग संपल्यावर जे ठरतं, ते आम्हालाही कळू द्या

पुण्यातल्या आयटी कंपन्यांमधले डिलिव्हरी मॅनेजर, टीम लीड आणि एचआरमधली मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

मी सांगलीतून काम करते. टेस्टिंगमध्ये आहे, बरीच वर्षं झाली. आधी रोज हिंजवडीला यायचे, 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप घेऊन गावी आले आणि नंतर घरची परिस्थिती अशी होती की कंपनीची रीतसर परवानगी घेऊन इथूनच काम चालू ठेवलं. आमच्या टीममधले अर्धे लोक आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातात, एक जण चिपळूणला असतो, एक नागपूरला, एक चेन्नईला, आणि दोघं ऑनसाइट न्यू जर्सीला. अशा टीम आता तुमच्या सगळ्यांकडेच आहेत म्हणून हे पत्र एका कंपनीला नाही, सगळ्यांनाच लिहितेय.

एक आधीच सांगते, सगळ्यांना ऑफिसला बोलवावं की घरूनच करू द्यावं हा वाद मला इथं घालायचा नाहीये. त्यात दोन्हीकडे खरी कारणं आहेत. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे, की ज्यांना तुम्ही स्वतःच लांबून काम करायची परवानगी दिलीय त्यांना टीममध्ये धरा तरी. आत्ता काय होतं, परवानगीचा मेल आला की तुमच्या दृष्टीने विषय संपतो आणि आमचा तिथून सुरू होतो. पंगतीला बोलवायचं आणि पानात वाढायचं विसरायचं, असं चाललंय हे.

तुमची कॉन्फरन्स रूम आम्हाला इकडून कशी ऐकू येते ते एकदा नीट सांगते, कारण रूममध्ये बसलेल्याला ते कधीच कळत नाही. टेबलाच्या मधोमध एक माइक असतो. त्याच्याजवळ बसलेल्याचा आवाज कानठळ्या बसवणारा, पलीकडच्या टोकाच्या माणसाचं नुसतं पुटपुटणं, आणि तिघं एकदम बोलले की फक्त गलका. कुणीतरी उठून बोर्डवर चौकोन आणि बाण काढायला लागतं, कॅमेरा बोर्डाकडे नसतोच, मग 'हा बॉक्स इथून काढून तिकडे टाकू' असं ठरतं आणि कुठला बॉक्स, कुठून काढला, काही पत्ता नाही. मधेच विचारावं म्हटलं तर अनम्यूट करून 'एक मिनिट, एक मिनिट' म्हणेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते. शेवटी कुणीतरी भलेपणानं विचारतं, ऑनलाइनवाल्यांना काही बोलायचंय का, तोपर्यंत खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायला लागलेले असतात, मग कोण बोलणार.

आणि हे तरी कॉलवर. खरं ठरतं ते त्याच्यानंतर, खाली टपरीवर चहा घेताना नाहीतर कॅन्टीनच्या रांगेत. एका रिलीजच्या वेळी पेमेंटच्या एका स्क्रीनवरचं व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती बरोबर आहे का ते तपासणं, पुढच्या रिलीजला ढकलायचं असं दोघातिघांनी असंच बोलता बोलता ठरवलं. निर्णय चुकीचा नव्हता, क्लायंटची घाई होती. पण टिकटवर, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीवर काही नाही, चॅटवर काही नाही. आम्ही इकडं लांबून काम करणारे दोघं जण दिवसभर तेच टेस्ट करतोय, बग टाकतोय, डेव्हलपर ते 'नॉट अ बग' म्हणून बंद करतोय आणि संध्याकाळी क्लायंटसमोर आम्हीच बावळट दिसतोय. कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. ज्याला कळायचं त्याला तिथं उभं असल्यामुळं कळलं, आणि आम्ही तिथं उभे नव्हतो, एवढंच कारण.

म्हणून या पत्रातली मुख्य मागणी एकच आहे, बाकी सगळं तिच्याच आजूबाजूचं आहे. जे ठरतं ते लिहा, आणि सगळ्यांना दिसेल अशा एकाच जागी लिहा. चहाला जरूर जा, तिथं कामाचं बोलणं होणारच, ते थांबवा असं मी म्हणतच नाही. पण वर आल्यावर टीमच्या चॅटवर त्या विषयाच्या थ्रेडमध्ये चार ओळी टाका: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, आणि कुणाची हरकत असेल तर ती उद्या दुपारपर्यंत सांगा. यातलं 'का ठरलं' सगळ्यात जास्त गाळलं जातं आणि टेस्टरला सगळ्यात जास्त तेच लागतं, कारण ते माहीत असेल तर त्या बदलानं अजून काय काय मोडू शकतं हे आम्ही स्वतः शोधतो. दुसरं म्हणजे, मीटिंगमधला एक जरी माणूस स्क्रीनवर असेल तर बाकीच्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून, आपापला हेडसेट लावून जॉइन व्हायचं. रूममध्ये एकत्र बसा हवं तर, पण माइक ज्याचा त्याचा. बोर्डऐवजी सगळ्यांना दिसणारं डॉक्युमेंट. काही टीममध्ये हे चालू आहे आणि पहिले चार दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

हे जगावेगळं काही मागतेय असं नाही. गिटलॅब नावाची कंपनी आहे, तिला ऑफिसच नाही, माणसं कितीतरी देशांत विखुरलेली, 2021 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात लिस्टही झाली. त्यांचं हँडबुक इंटरनेटवर उघडं आहे, कुणीही वाचावं. आधी लिहायचं मग बोलायचं, मीटिंगला अजेंड्याचं डॉक्युमेंट पाहिजेच आणि नोट्स त्यातच घ्यायच्या, असे साधे नियम आहेत. आपण त्यांच्यासारखं पूर्ण होऊ शकत नाही आणि व्हायची गरजही नाही, आपल्याकडे क्लायंटच्या अटी असतात, सिक्युरिटी असते. पण अजेंडा लिहायला कुठला क्लायंट अडवत नाही.

आता तुमच्या बाजूचंही बोलते कारण ते खोटं नाहीये. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या अमेरिकेतल्या 61 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा 2020 च्या पहिल्या सहा महिन्यांचा डेटा तपासला आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापले, की सगळे घरून काम करायला लागल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलायला लागले आणि एका गटातून दुसऱ्या गटाशी असलेले धागे कमी झाले. हे मला पटतं, मी बघितलंय. ऑफिसमध्ये असताना दुसऱ्या प्रोजेक्टचा डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएशी कॅन्टीनमध्ये ओळख व्हायची आणि सहा महिन्यांनी तीच ओळख कामाला यायची, आता ते आपोआप होत नाही. पण आपोआप होत नाही म्हणजे होऊच शकत नाही असं नाही ना, मुद्दाम करावं लागतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या टीमनं आपलं काम आपल्याला दाखवायचं, वर्षातून दोनदा सगळ्यांना पुण्याला बोलवायचं आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च कंपनीनं करायचा. आणि कृपा करून त्या दिवसांत पीपीटी दाखवू नका, पीपीटी आम्हाला घरीही दिसते. आम्हाला माणसं भेटू द्या.

दिसण्यावरून आता अप्रेझलकडे, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाकडे येते. चीनमध्ये सीट्रिप नावाच्या ट्रॅव्हल कंपनीनं 2010 च्या शेवटी कॉल सेंटरच्या लोकांवर नऊ महिने प्रयोग केला होता, स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम त्यात होते. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्के वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण तितकंच चांगलं काम करूनही त्यांना प्रमोशन मात्र कमी मिळालं. पुढे त्याच कंपनीत 1,612 लोकांवर दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिस असा प्रयोग झाला, 2024 मध्ये तो छापून आला, त्यात राजीनामे एक तृतीयांशानं कमी झाले, त्यातही बायकांचे आणि लांबून प्रवास करणाऱ्यांचे जास्त कमी झाले, आणि प्रमोशनमध्ये फरक पडला नाही. मला यातून असं दिसतं की जो अधूनमधून दिसतो त्याचं नुकसान होत नाही, जो अजिबातच दिसत नाही त्याचं होतं. वाकड ते हिंजवडी फेज थ्री या रस्त्यावर ज्यांनी पावसाळ्यात दिवस काढलेत त्यांना प्रवासाचा मुद्दा वेगळा समजवायला नको.

तेव्हा रेटिंगच्या मीटिंगमध्ये 'काम चांगलं आहे पण व्हिजिबिलिटी कमी पडली' हा शेरा लिहिताना थांबा. नेमकं काय कमी पडलं ते लिहा. कुठली जबाबदारी दिली होती आणि घेतली नाही? कुठल्या डेमोला बोलावलं होतं आणि आली नाही? हे लिहिता येत नसेल तर तो शेरा त्या माणसाच्या कामावरचा नाही, तो कुठं बसतो त्यावरचा आहे, आणि तिथं बसायची परवानगी तुम्हीच दिलेली आहे. क्लायंटसमोरचे डेमो, नवीन मॉड्यूलची सुरुवात, आर्किटेक्टबरोबर बसायची संधी, ही सगळी कामं कुणाकुणाला गेली याची वर्षभराची यादी काढा एकदा. माझा अंदाज आहे की बहुतेक नावं त्याच मजल्यावरची निघतील.

आता ज्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं ते. माझ्या ओळखीत एक टेस्टर आहे, पूर्ण अंध, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं 2006 मध्ये सुरू केलेलं. तर त्याच्यासाठी तुमचं स्क्रीन शेअर म्हणजे काय असतं? काहीच नाही. स्क्रीन शेअर हे नुसतं चित्र असतं, स्क्रीन रीडरला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तुम्ही माउस फिरवत 'हे बघा, इथं हे आलंय, हे लाल झालंय' म्हणता तेव्हा तो शांत बसून असतो. चॅटवर एररचा स्क्रीनशॉट टाकता, तोही त्याला वाचता येत नाही, तोच एरर कॉपी करून मजकूर म्हणून टाकला असता तर एका सेकंदात वाचला असता. आणि मीटिंग चालू असताना बाकीचे चॅटवर गप्पा मारतात त्या प्रत्येक ओळीला त्याचा स्क्रीन रीडर कानात बोलतो, म्हणजे एका कानात मॅनेजर, दुसऱ्या कानात चॅट. त्याला काय पाहिजे? फाइल मीटिंगच्या आधी पाठवा आणि बोलताना 'इथं' न म्हणता 'लॉगिन पेजवरचं सबमिट बटण' असं म्हणा. याला एक रुपया लागत नाही.

दुसरी एक मैत्रीण, तिला ऐकू येत नाही. ती लाइव्ह कॅप्शनवर, म्हणजे बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून येतं त्यावर अवलंबून असते. कॅप्शन आपल्या नावांची आणि उच्चारांची वाट लावतात ते एक, पण त्याहून मोठी अडचण ही की ते दोनतीन सेकंद मागून येतात, म्हणजे तिनं वाचून हात वर करेपर्यंत विषय बदललेला असतो. आणि सगळे एका रूममधून बोलत असले की कॅप्शनला माणसं कळत नाहीत, सगळी वाक्यं कॉन्फरन्स रूमच्याच नावावर येतात, कोण हो म्हणालं आणि कोण नाही हे तिनं ठरवायचं कसं? म्हणून वर म्हटलं की माइक ज्याचा त्याचा. एकानं बोलून झालं की थोडं थांबा, मग दुसऱ्यानं बोला. काही ठिकाणी तर कॅप्शन आणि ट्रान्सक्रिप्ट आयटी ॲडमिननंच बंद करून ठेवलेले असतात, आणि चालू करून घ्यायला त्या मुलीला तीन जणांना मेल करून आपलं अपंगत्व पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एचआरवाल्यांनो, हे तुमचं काम आहे, तिचं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व मान्य केलंय आणि खाजगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण करून जाहीर करायचंय. तुमच्या त्या धोरणात रॅम्प आणि लिफ्ट असेल, मीटिंगबद्दल एक ओळ तरी आहे का बघा.

वेळेचं बोलते. न्यू जर्सीचे सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं बदलली की आपले साडेसात. म्हणजे मार्चपर्यंत रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, ऐन स्वयंपाकाच्या, मुलांच्या अभ्यासाच्या, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळेला. घरात दुसरं कुणी बघणारं असेल तर ठीक, नाहीतर बाईनं म्यूटवर राहून एका हातानं पोळी उलटायची. आणि तो स्टँडअप पंधरा मिनिटांचा कधीच नसतो. रोज बोलूनच सांगायला पाहिजे असं त्यात काय असतं? काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, हे आठवड्यातले तीन दिवस लिहून चालतं, दोन दिवस बोलू. उशिराचा कॉल लागणारच असेल तर त्याचा त्रास वाटून घ्या, एक पंधरवडा आम्ही उशिरा बसू, एक पंधरवडा न्यू जर्सीवाल्यांनी रात्री बसावं. ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं. पण कायदा व्हायची वाट बघायची गरज नाही, रात्री 10 नंतर आलेल्या मेसेजचं उत्तर सकाळी दिलं तर चालेल एवढं एका मॅनेजरनं तोंडानं नाही, लिहून सांगितलं की टीमचा जीव भांड्यात पडतो.

बाळंतपणानंतरचंही तसंच. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, 26 आठवड्यांची रजा झाली, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर आपसात ठरवून घरून काम करता येईल हेही त्यात आलं. कितीजणींना एचआरनं हे आपणहून सांगितलं? विचारायचं धाडस केलं तिला मिळालं, असं नको व्हायला.

कॅमेऱ्याची सक्ती सोडा. दोन खोल्यांच्या घरात मागं कॉट असते, देवघर असतं, कुणीतरी आजारी झोपलेलं असतं. ज्याला चालू करायचाय तो करेल.

आणि लाईट. पुण्यात बसून हे कळत नाही म्हणून सांगते, इकडं डीपी, म्हणजे गल्लीचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की वायरमन येईपर्यंत वाट बघायची, कधी तास, कधी दिवस. ठरलेल्या वारी देखभालीसाठी लाईट जाते ती वेगळी. इन्व्हर्टरवर राउटर चालतो पण केबलवाल्याच्या ऑफिसातलीच लाईट गेली तर नेट गेलंच, मग मोबाइलचं हॉटस्पॉट, आणि पावसात रेंज. 2019 च्या आणि 2021 च्या पुरात सांगली, चिपळूणकडं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंय. अशा वेळी स्टेटसचा हिरवा ठिपका पिवळा झाला म्हणून 'आर यू देअर' विचारणारे मेसेज, माउस किती वेळ हलला नाही ते मोजणारी सॉफ्टवेअर, याचा फार अपमान वाटतो, खरंच वाटतो. काम मोजा, टिकटं बघा, बग बघा. माउस मोजून कुणाचं काम कळलंय? लॉकडाऊनमध्ये बऱ्याच कंपन्यांनी नेटचे पैसे दिले होते, नंतर ते बंद झाले. ऑफिसमधल्या जनरेटरचा खर्च कंपनी करते, मग इकडच्या छोट्या यूपीएसचा खर्च कंपनीनं केला तर काय बिघडलं?

फ्रेशर मुलांबद्दल मला जास्त काळजी वाटते. आम्ही निदान ऑफिसमध्ये शिकून घरी आलो. जालन्याचा, परभणीचा मुलगा, कॉलेज ऑनलाइन, इंटरव्ह्यू ऑनलाइन, लॅपटॉप कुरियरनं, तो कुणाच्या शेजारी बसून शिकणार? चाळीस लोकांच्या कॉलवर इंग्रजीतून शंका विचारायला तो घाबरतो, प्रायव्हेट चॅटवर विचारलं तर सीनिअर म्हणतो गुगल कर. त्याला रोज ठरलेला एक तास द्या, एका सीनिअरबरोबर, स्क्रीन उघडी ठेवून, आणि तो तास सीनिअरच्या कामात धरा, फुकटची समाजसेवा म्हणून नाही. शंका चॅनेलवर मराठीत, हिंदीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कशाही विचारलेल्या चालतील असं लीडनं स्वतः विचारून दाखवावं.

भाषेचं निघालंच आहे तर आपल्या लोकांनाही सांगायचंय. पुण्यातले पाचजण एका कॉलवर आले की आपण भराभर मराठीत घसरतो, बरं वाटतं, काम पटकन होतं. पण चेन्नईचा तो एक जण तेवढा वेळ कॉलवर नुसता बसून असतो. ज्याबद्दल मी हे एवढं लिहितेय तेच आपण त्याच्याशी करतोय. मराठीत बोलायचं तर आपापसात वेगळा कॉल लावू, आणि काय ठरलं ते त्याला समजेल असं लिहू.

सुट्ट्यांचं थोडक्यात. कोकणातला माणूस गणपतीला गावी जाणारच, हे वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतं, तर त्या आठवड्यात रिलीज ठेवू नका. दिवाळीचा फराळ ऑफिसच्या टेबलावर मांडून त्याचे फोटो ग्रुपवर टाकण्यापेक्षा एक डबा कुरियर करा.

एवढं सगळं एकदम होणार नाही हे मलाही कळतं, मॅनेजरवर वरून डेडलाइन असते, तोही रात्री जागतो. म्हणून कुठली तरी एक टीम घ्या आणि पुढच्या एका रिलीजपुरतं करून बघा: प्रत्येकाचा माइक वेगळा, निर्णय थ्रेडवर, फाइल मीटिंगच्या आधी. त्याच्याही आधी, तुमच्या टीममध्ये जे लांबून काम करतात त्यांना विचारा की तुम्हाला कुठं अडतं. कॉलवर सगळ्यांसमोर विचारू नका, तिथं सगळे 'ऑल गुड' म्हणतात. लिहून विचारा, आठवडाभर वेळ द्या, नाव न लिहिताही उत्तर देता येईल असं ठेवा. आणि मग प्रत्येकाला वेगवेगळा फोन लावा, सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करून.

आपली,
सांगलीहून काम करणारी एक टेस्टर